खाण सुरू झाली, आता टिप्पर घ्यावा का?

पाळीकर:

नमस्कार. आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, पाळीला. माझं वय २९. प्रश्न सरळ आहे, पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

बाबांनी २००९ मध्ये खाणीचा माल वाहायला पहिला टिप्पर (हौद्याचा ट्रक) घेतला, २०११ च्या पावसाळ्यात दुसरा. तेव्हा चीनला माल जायचा. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. बाबा पहाटे चारला रांगेत ट्रक लावायला निघायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारनं खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. दुसऱ्या ट्रकचे तेव्हा चौदा हप्ते भरून झाले होते. २०१४ मध्ये बंदी उठली, आम्ही परत टायर घातले, बॅटरी घातली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयानं ८८ खाण लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. मी तेव्हा कॉलेजात होतो. फी भरायला आईच्या पाटल्या गेल्या.

एक ट्रक मिळेल त्या किमतीला विकला. दुसरा अजून अंगणात आहे. हौद्याला तळाशी भोकं पडलीत, मागच्या चाकातून शिरलेली वेल पार केबिनपर्यंत आलीय. आई फाळक्यावर आमसुलं वाळत घालते. दाराच्या रबरात बोट फिरवलं तर आजही लाल माती निघते. बाबा दर दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालतात.

आता डिचोलीचा खाण ब्लॉक लिलावानंतर २०२४ मध्ये सुरू झालाय. बाकीचेही एकेक करून सुरू होतील म्हणतात. बाबांच्या डोळ्यांत परत तीच चमक आहे. त्यांनी २०१९ च्या मॉडेलचा एक टिप्पर बघून ठेवलाय, १४ लाखांना. तीन लाख घरचे, ११ लाख पतसंस्थेचं कर्ज, चार वर्षं, हप्ता साधारण २९ हजार. मी मोपा विमानतळावर कार्गोत आहे, पगार २१ हजार, बाइकनं जाता-येता दोन तास जातात. नोकरी सोडून ट्रक बघ, असं बाबांचं म्हणणं. खरंच दिवस परत येताहेत का? जे या धंद्यात आहेत त्यांनी सांगावं, बातम्या मी वाचतोच.

रेखा, मये:

बाबा रे, घाई करू नकोस. आमचा ट्रक मागच्या हंगामात चालला आणि त्याची वही मीच लिहिते, म्हणून आकडे ऐक.

पावसाळ्यात खड्डा पाण्यानं भरतो, माल नेणारे बार्जही बाहेर जात नाहीत, म्हणजे वर्ष मुळात आठ महिन्यांचं. त्या आठ महिन्यांत आमच्या ट्रकला काम मिळालं ९६ दिवस. बाकी दिवशी कधी नंबर लागला नाही, कधी जेटीवर माल साठला म्हणून वाहतूक थांबली, कधी गावकऱ्यांनी रस्ता अडवला (त्यांचंही खोटं नव्हतं, धुळीत शाळेची पोरं चालतात). कामाच्या दिवशी सरासरी चार फेऱ्या. डिझेल आणि ड्रायव्हर वजा जाता फेरीमागे हातात ७०० रुपये. गुणाकार कर: २ लाख ६८ हजार ८००. तुझा हप्ता वर्षाचा ३ लाख ४८ हजार. म्हणजे टायर, विमा, पासिंग यांच्या आधीच ७९ हजार २०० कमी पडतात. आमचं भागतं कारण आमच्या ट्रकवर कर्ज नाही. २०१४ च्या कर्जमुक्ती योजनेत तडजोड करून मोकळे झालो आणि मी तेव्हाच देवासमोर ठरवलं की चाकांवर पुन्हा कर्ज घ्यायचं नाही.

आणखी एक. पूर्वी फेऱ्या मोजायला बोटं पुरायची नाहीत, कारण गाव कुठलंही असो, आजूबाजूला दहा खाणी चालू. एकीचं काम संपलं की दुसरीवर. आता चालू खाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि ट्रक मात्र सगळ्या तालुक्याचे त्याच रांगेत. दर ठरवताना आपल्या हातात काय राहतं?

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांची ओढ मला कळते. माझे यजमानही अजून पहाटे चारला उठतात, काम असो नसो.

जुना ऑपरेटर:

मी सावर्ड्याचा. २२ वर्षं एक्स्कॅव्हेटर चालवला, २०१८ नंतर हातात पत्र पडलं. दीड वर्ष घरी बसून काढलं, मग कर्नाटकात सांडूरच्या खाणींवर आलो. इथलं सांगतो, म्हणजे गोव्यात पुढं काय होऊ शकतं ते दिसेल.

कर्नाटकात २०११ मध्ये बंदी आली होती. २०१३ नंतर टप्प्याटप्प्यानं खाणी सुरू झाल्या, काही लीजं कायमची रद्द होऊन लिलावात गेली. आज माल भरपूर निघतो. पण मी आलो तेव्हा ज्या रस्त्यावर ट्रकांची रांग असायची असं लोक सांगायचे, तिथं आता डोंगरावरून खाली तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यापर्यंत पट्टा जातो. नळीसारखा बंद कन्व्हेयर, चोवीस तास चालतो. रात्री त्याच्या खाली उभं राहिलं की नुसती घरघर ऐकू येते, वर कुठं माणूस दिसत नाही. धूळ कमी झाली, अपघात कमी झाले, हे चांगलंच. पण ज्यांचे ट्रक होते ते हॉस्पेटला भाजीचे टेम्पो चालवतात.

म्हणून टन वाढले म्हणजे काम वाढलं असं धरू नकोस. आपल्या भागात पूर्वी एका मशीनमागे ऑपरेटर, हेल्पर, ट्रकवाला, क्लीनर, चहावाला, पंक्चरवाला असे आठ-दहा संसार होते. लिलावात खाण घेणाऱ्याला विक्रीकिमतीतला मोठा वाटा सरकारला द्यायचा असतो. तो आधी वाहतुकीत आणि माणसांत कपात करणार. जुन्या कामगारांना नव्या मालकानं आधी घ्यावं ही आपली मागणी न्याय्य आहे, मी स्वतः त्या मोर्चात होतो, पण कायद्यात तसं बंधन कुठं लिहिलेलं नाही.

खाणीत घेतात कोणाला? सर्व्हेअर, इलेक्ट्रिशियन, हायड्रॉलिकवाला फिटर, मायनिंग मेटचा (खाणीतल्या देखरेख्याचा) दाखला असलेला. तुझा धाकटा भाऊ असेल तर त्याला आयटीआयला घाल. डिझेल मेकॅनिक झाला तर खाण चालो न चालो, उपाशी राहणार नाही. तू स्वतः मोपा सोडू नकोस. कार्गोतला तीन-चार वर्षांचा अनुभव आखाती देशांतही चालतो.

शिरगावचा शेतकरी:

मी खाणीचा विरोधक म्हणून ओळखला जातो, तरी भाऊ, तुमच्या घरचं वाचून घशात आवंढा आला.

आमच्या गावात विहिरी कोरड्या पडल्या, शेतात गाळ भरला. बंदीच्या काळात मी पाऊण एकरातला गाळ काढला, तीन उन्हाळे लागले. पहिल्या वर्षी भात गुडघ्याएवढंही झालं नाही. चौथ्या वर्षी घरापुरतं पिकलं. हे सांगायचं कारण, गावाची दुसरी कमाई उभी राहायला इतका वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आम्हाला कोणी दिला नाही. बंदी एका दिवसात आली, सुरुवातही तशीच घोषणा करून झाली.

पैसा नाही असं नाही. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी आहे, तो खाणीची झळ बसलेल्यांसाठीच. न्यायालयानं २०१४ मध्ये विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधीही करायला लावला. ग्रामसभेत उभं राहून विचारा, आमच्या पोरांच्या प्रशिक्षणाला त्यातले किती आले? मी दर ग्रामसभेला विचारतो. एकट्यानं विचारलं की इतिवृत्तात एक ओळ येते. ट्रकवाले आणि शेतकरी एकत्र उभे राहिले तर उत्तर द्यावं लागेल. आजवर आपल्याला एकमेकांसमोरच उभं केलं गेलं.

पाळीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. रेखाताई, तुमचे आकडे मी काल रात्री कागदावर मांडून बाबांना वाचून दाखवले. ९६ दिवस म्हटल्यावर त्यांनी परत विचारलं, "किती?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. सकाळी चहा घेताना स्वतःच म्हणाले, त्या माणसाला फोन करून सांग, टिप्पर नको.

काका, भाऊ दहावीला आहे. डिचोलीच्या आयटीआयचे फॉर्म कधी निघतात ते बघतोय. ग्रामसभेचंही लक्षात ठेवलंय. पुढच्या सभेला मी सुट्टी काढणार, आणि आळीतले आणखी चार ट्रकवाले यायला तयार आहेत.

आता नवा प्रश्न. अंगणातला ट्रक मोडीत काढायला बाबा तयार झालेत. पंधरा वर्षं होऊन गेलीत, पासिंग केव्हाच संपलंय. वाहतूक खात्यात नोंदणी रद्द करायची तर आधी काय करावं लागतं, थकलेला कर भरूनच पुढं जायचं का? भंगारवाला घरी येऊन कापून नेतो म्हणतो, ते चालतं, की अधिकृत केंद्रातच द्यावा लागतो? आणि फाळका तेवढा काढून ठेवता येईल का? आई म्हणते, तो ती देणार नाही.