कुलपती की कुलगुरू?

प्रश्न : हिंदी बातमीत ‘दिल्ली विश्वविद्यालय के कुलपति’ होते, मराठी बातमीतही ते ‘कुलपती’च राहिले. पण आपल्याकडे कुलपती राज्यपाल असतात ना?

उत्तर : शंका रास्त आहे, मराठी बातमी चुकली. हिंदीत चान्सलर म्हणजे ‘कुलाधिपति’ आणि व्हाइस चान्सलर म्हणजे ‘कुलपति’. मराठीत तेच अनुक्रमे कुलपती आणि कुलगुरू. आपल्या अर्थाने दिल्ली विद्यापीठाचे कुलपती देशाचे उपराष्ट्रपती असतात.

संस्कृतात मात्र कुलपती हा प्रत्यक्ष शिकवणारा. दहा हजार मुनींना अन्न देऊन पोसतो आणि शिकवतो तो कुलपती, अशी जुनी व्याख्या आहे. ‘शाकुंतला’त आश्रमाजवळ आलेला दुष्यंत कण्वांची चौकशी ‘कुलपती आहेत का इथे?’ अशीच करतो. मुळाशी हिंदीच जवळची, हे मान्य करावं लागतं. तरी मला आपली वाटणी आवडते. राज्यपाल पदसिद्ध प्रमुख, म्हणून ते ‘पती’. विद्यापीठात रोज बसून कारभार पाहणारा तो ‘गुरू’.

अर्थात हे पद सुरुवातीपासून गुरूचं नव्हतं. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा ते शिकवत नसे, फक्त परीक्षा घेऊन पदव्या देई. १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले, तेव्हा ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही होते. न्यायदान सांभाळून करायचं हे काम होतं. आज २०१६ च्या कायद्याप्रमाणे ते पूर्णवेळ, पाच वर्षांचं पद आहे.

आणखी एक : ‘कुलगुरू’ बाईंनाही सहज लागतो. डॉ. स्नेहलता देशमुख मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, तेव्हा शब्द कुठेच अडला नाही. हिंदीत बाईंना ‘पति’ म्हणणं खटकायचं. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आणि राजस्थानने २०२५ मध्ये ‘कुलपति’ बदलून ‘कुलगुरु’ केलं. कुलसचिव मात्र दोन्ही भाषांत रजिस्ट्रारच, तिथे गोंधळ नाही.

पुरवणी : शुद्धलेखनाचंही पाहा. सुटा शब्द कुलगुरू, कुलपती असा दीर्घ. पण समासात आधी आला की ऱ्हस्व : कुलगुरुपद, कुलपतिपद. निमंत्रणपत्रिकांवर ‘कुलगुरूपद’ सर्रास छापलेलं दिसतं, ते दुरुस्त करावं.