मदत हवी आहे: शाळेचे पत्रे पांढरे करायचे आहेत, ग्रामसभेत नेमकं काय सांगू?

नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन खोल्यांवर स्लॅब आहे, बाकी सगळ्या पत्र्याच्या. एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते, तरी दहा वाजले की पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. पंखा वरची तापलेली हवाच खाली लोटतो. मुलं पाण्याची बाटली गालाला लावून गणितं सोडवतात. गावातली बरीचशी घरंही पत्र्याचीच आहेत आणि त्यात म्हातारी माणसं, बाळंतिणी दुपारभर पडून असतात.

शाळा, अंगणवाडी आणि ज्यांची इच्छा असेल त्यांची छपरं पांढरी करायची, असा ठराव सरपंचताई ग्रामसभेत मांडणार आहेत. माहिती द्यायचं काम माझ्याकडे आलंय.

अडचण अशी की गावात आत्ताच दोन तट पडलेत. तरुण मंडळींनी फलकाचा मजकूरसुद्धा ठरवलाय: 'ग्लोबल वॉर्मिंगवर आमच्या गावाचा उपाय'. तर पारावरचे आप्पा म्हणतात, "बाई, आपण चार पत्रे रंगवले म्हणून सूर्याला काय फरक पडतो?" मला दोघांनाही खरं उत्तर द्यायचंय. समोर माझेच विद्यार्थी बसलेले असणार, त्यामुळे फुगवून काही सांगायचं नाही.

मला समजलंय ते असं. ऊन हवेतून फारसं न अडता जमिनीवर येतं. गडद पृष्ठभाग ते शोषतो, तापतो आणि ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात वर सोडतो. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ अडवून धरतात ती हीच किरणं. पण प्रकाश प्रकाश म्हणूनच परत फिरवला, तर त्यातला बराचसा भाग हवेतून थेट अवकाशात निघून जातो. पृथ्वीवर येणाऱ्या उन्हापैकी साधारण ३० टक्के असंच परत जातं, त्यात मोठा वाटा ढगांचा. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परतवतो, तर नवा डांबरी रस्ता जेमतेम ५ टक्के. इथपर्यंत मुलांना फळ्यावर आकृती काढून दाखवता येईल.

पुढे गाडी अडते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले हाशेम अकबरी, सुरभी मेनन आणि आर्थर रोझेनफेल्ड यांनी २००९ मध्ये हिशोब मांडला होता की १०० चौरस मीटर गडद छप्पर पांढरं केलं, तर त्याने होणारा थंडावा १० टन कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडण्याइतका असतो. जगातल्या शहरांमधली छपरं आणि रस्ते मिळून त्यांचा आकडा ४४ अब्ज टन. त्याच वर्षी अमेरिकेचे तेव्हाचे ऊर्जामंत्री स्टीव्हन चू यांनी लंडनमध्ये छपरं पांढरी करण्याचा जाहीर आग्रह धरला. आमच्या शाळेचे पत्रे साधारण २०० चौरस मीटर भरतात, म्हणजे २० टन. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन उत्सर्जन धरलं तर दहा माणसांचं एक वर्ष. हे ऐकून तरुण मंडळी खूश होतील. पण हा हिशोब आमच्या गंजलेल्या, धुळकट पत्र्यांना लागू होतो का? आणि हे २० टन दर वर्षी मोजायचे की एकदाच?

त्यात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क जेकबसन यांचा २०१२ चा शोधनिबंध नेमका उलटं सांगतो. पांढऱ्या छपरांनी शहर थंड होतं, पण जमिनीलगतची हवा थंड झाल्याने ढग कमी बनतात, शिवाय परतणारं ऊन हवेतली काजळी शोषते, त्यामुळे जगाचा एकूण हिशोब तोट्यातही जाऊ शकतो, असं त्यांच्या संगणकाच्या प्रारूपात आलं. मग मी नक्की कुणाचं सांगू?

तिसरी अडचण अगदी हातातली आहे. गावात चुना सगळ्यांच्या ओळखीचा, स्वस्त आणि लगेच मिळणारा. पण पत्र्यावर चुना चालतो का? एक मिस्त्री हो म्हणतो, दुसरा नको म्हणतो.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. ठराव मार्चच्या आत झाला तरच यंदा मुलांना उपयोग होईल.

प्रतिसाद: रंगकामवाला

बाई, पत्र्यावर चुना नको. चुना अल्कधर्मी असतो आणि ओला असताना पत्र्यावरचा जस्ताचा थर खातो. शिवाय गुळगुळीत पत्र्यावर तो धरत नाही, दोन वादळी पावसांत खपल्या निघतात. चुना स्लॅबला लावा, तिथे तो उत्तम बसतो. भिजवलेला चुना कापडातून गाळून घ्या, थोडा फेव्हिकॉल घाला, पहिला हात वाळला की दुसरा त्याला आडवा मारा. कळीचा चुना पाणी घालून विरवायचा असेल तर मुलांना जवळपासही फिरकू देऊ नका. उकळता चुना डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाते.

पत्र्याला पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग, म्हणजे दुकानात 'हीट रिफ्लेक्टिव्ह' नावाने मिळतो तो. आधी तारेच्या ब्रशने गंज घासायचा आणि पत्रा धुऊन पूर्ण वाळवायचा. जिथे लोखंड उघडं पडलंय तिथे रेड ऑक्साइड प्रायमर (रंगाआधीचा हात) चालेल, पण जस्ताचा थर शाबूत असेल तिथे ते धरत नाही, पापुद्रे निघतात. तिथे गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा वेगळा प्रायमर मागा. वर चढणाऱ्याने पत्र्याच्या मध्यावर पाय देऊ नये, खिळ्यांच्या रांगेवरूनच चालावं.

आणि एक फार महत्त्वाचं. गावात जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते अजिबात घासू नका. त्यात एस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत जाते. त्यांचं काम ते काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्या.

प्रतिसाद: भूगोलप्रेमी

छान धागा. बाईंचा प्रश्न दोन प्रश्नांचा आहे आणि ते वेगळे ठेवले तर आप्पांनाही पटेल आणि तरुणांनाही.

खोली थंड होते का? होते. यावर कुणाचं दुमत नाही, जेकबसन यांचंही नाही. हैदराबादमध्ये लॉरेन्स बर्कली आणि तिथल्या ट्रिपल आयटी या शिक्षणसंस्थेने मिळून कार्यालयांच्या इमारतींवर मोजणी केली होती. गच्ची पांढरी केल्यावर वातानुकूलनाची वीज १४ ते २६ टक्के वाचली. तेलंगणाने २०२३ मध्ये पाच वर्षांचं थंड छप्पर धोरण आणलं.

पृथ्वी थंड होते का? इथे हात आखडता ठेवा. अकबरींचा आकडा एकदाच मोजायचा आहे, दर वर्षी नाही, आणि छप्पर पांढरं राहील तोवरच. तो गडद छपराचा हिशोब आहे. तुमचा पत्रा काळाकुट्ट नाही, वर धूळ बसणार, म्हणून २० टन हा आकडा फलकावर घालू नका. जगातल्या सगळ्या शहरांचे ४४ अब्ज टन ऐकायला प्रचंड वाटतात, पण कोळसा, तेल आणि वायू जाळून आज जग वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास सोडतं. म्हणजे सगळी शहरं पांढरी केली तरी सव्वा वर्षाचं उत्सर्जन भरून निघणार. शहरांनी पृथ्वीचा पृष्ठभाग एक टक्काही व्यापलेला नाही, त्याला कोण काय करणार? जेकबसन आणि अकबरी यांच्यात कोण बरोबर हे ग्रामसभेत ठरवायची गरजच नाही. दोघांच्याही हिशोबात जागतिक परिणाम लहान आहे आणि स्थानिक परिणाम पक्का आहे.

स्थानिक म्हणजे किती, याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण स्पेनमधलं अल्मेरिया. हवामान बदलाचा तिथे कुणी विचारही केला नव्हता. भाजीपाल्यासाठी प्लॅस्टिकची पॉलीहाऊस उभी राहत गेली, हजारो हेक्टर, आणि उन्हाळ्यात आत जास्त तापू नये म्हणून शेतकरी त्यांच्यावर पांढरा लेप मारतात. संशोधकांनी १९८३ ते २००६ चं तापमान तपासलं तर आजूबाजूचा भाग दर दशकाला साधारण अर्धा अंश तापत होता आणि पॉलीहाऊसचा पट्टा दर दशकाला ०.३ अंशाने थंड होत गेला होता. पेरूमध्ये २०१० मध्ये एदुआर्दो गोल्ड यांनी हरवलेली हिमनदी परत यावी म्हणून चुना, अंड्यातला पांढरा भाग आणि पाणी कालवून डोंगराचे खडक रंगवायला घेतले होते. त्या कल्पनेला जागतिक बँकेचं बक्षीसही मिळालं होतं. त्या माणसाची तळमळ मला फार मोठी वाटते, पण एका डोंगराने हिमनदी परत येत नाही.

हीच कल्पना अवाढव्य प्रमाणावर नेण्याची मला मात्र भीती वाटते. सगळी वाळवंटं परावर्तक आवरणाने झाकली तर, असा प्रयोग संगणकाच्या प्रारूपात झाला आहे. जग थंड झालं, पण भारत आणि आफ्रिकेचा मान्सून जबर दुबळा पडला. आपल्या खानदेशातल्या कापूसवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. गावची छपरं त्या मापाची नाहीत, पाऊस हलणार नाही, हे आप्पांना निर्धास्त सांगा. आणि मुलांना हेही सांगा की पांढऱ्या छपराने हवेतला कार्बन डायऑक्साइड कणभरही कमी होत नाही, त्या वायूमुळे समुद्र अधिक आम्लधर्मी होतोय तो होतच राहतो.

प्रतिसाद: साबरमतीकाठची

मी अहमदाबादेत असते. २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत इथे नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर २०१३ मध्ये शहराची उष्णता कृती योजना आली आणि २०१७ मध्ये वस्त्यांमधली छपरं चुन्याने पांढरी करायला सुरुवात झाली. तेव्हा जगाची भाषा कुणी फारशी केली नाही. बायकांनी विचारलं ते एवढंच, की रात्री घरात झोप लागेल का. ताई, तुमच्या गावातही निर्णय बायकाच करतील, कारण दुपारी घरात त्याच असतात. त्यांना सभेत पुढे बसवा.

प्रतिसाद: नवा सभासद

आमचे पत्रे नवे आहेत, चकचकीत. ते तर आरशासारखे ऊन परतवतात. मग रंगाची गरज काय?

प्रतिसाद: भूगोलप्रेमी

दुपारी त्यावर हात ठेवून बघा, चटका बसेल. उघडा धातू ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण जी उष्णता शोषली जाते ती किरणांच्या रूपात बाहेर टाकायला तो फार कंजूस आहे. पांढरा रंग दोन्ही कामं करतो, ऊन परतवतो आणि आतली उष्णता आभाळाकडे सोडतो, रात्रीसुद्धा. म्हणून नव्या पत्र्यालाही फरक पडतो. आणखी एक: छपरं पांढरी करा, पण अंगण, रस्ता आणि शेजाऱ्याच्या खिडकीसमोरची भिंत नको. लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यांना परावर्तक लेप दिला तेव्हा रस्ता थंड झाला, पण भर दुपारी चालणाऱ्याच्या अंगावर खालून जास्त ऊन आलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सरपंचताईंशी आज बोलले. फलकावरून 'ग्लोबल वॉर्मिंग' काढायला तरुण मंडळी तयार झाली. मी सभेत असं मांडणार आहे: आपली खोली थंड होईल हे नक्की, गावाची दुपार थोडी सुसह्य होईल, जगाच्या तापात आपला वाटा कणभर, आणि तो कणही कोळसा, डिझेल कमी जाळण्याच्या बदल्यात नाही, जोडीला. स्लॅबला चुना, पत्र्याला अ‍ॅक्रिलिक, सिमेंटच्या पत्र्यांना हात नाही.

पहिल्या वर्षी सारख्या मापाच्या दोन खोल्यांपैकी एकच रंगवायची आणि मुलांनी दोन्हीकडचं तापमान लिहून ठेवायचं, असं आठवीच्या वर्गाने सुचवलं. मला ते फार आवडलं. पण ज्या वर्गाला न रंगवलेली खोली मिळेल त्यांच्यावर अन्याय होतो. यावर काही मार्ग?

प्रतिसाद: रंगकामवाला

मार्चमध्ये न रंगवता दोन्ही खोल्यांचं तापमान पंधरा दिवस लिहून घ्या, मग दोन्ही रंगवा. तुलनेसाठी शाळेचं सामान ठेवायची पत्र्याची खोली असेल तर ती तशीच सोडा, तिथे कुणी बसत नाही. थर्मामीटर बाकावर बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर टांगा, पंख्याच्या झोतात नको, भिंतीला टेकलेला नको. रोज सकाळी आठला आणि दहाला. आणि धुळीचं वादळ होऊन गेलं की पत्र्यावरून पाईपने पाणी मारायला विसरू नका, नाहीतर मे महिन्यातले आकडे रंगाचे नसून धुळीचे असतील.