जंगलातील राठ केसांची करडी माशी : टॅकिनिडी की मांसमाशी?

रानवाटा : नमस्कार. जंगलातील पायवाटेलगतच्या फुलांवर एक करडी माशी वारंवार दिसते. तिच्या पाठीवर गडद उभे पट्टे असून पोटाच्या टोकाकडे राठ काळे केस आहेत. सुरवंटांच्या शरीरात वाढणाऱ्या टॅकिनिडी कुळातील ही माशी असावी असे वाटते. परंतु मांसमाशीही अशीच पट्टेदार असते. पंखातील मधली शीर कडेजवळ एकदम पुढे वळलेली छायाचित्रात स्पष्ट दिसते. एवढ्यावरून कूळ ठरवता येईल का?

पंखशीर : केवळ त्या शिरेवरून ठरवता येणार नाही, कारण मांसमाशीत आणि हिरव्या-निळ्या चमकदार माश्यांतही ती तशीच वळलेली असते. खरी खूण पाहायची तर माशीचे छायाचित्र नेमके बाजूने घ्यावे लागेल. पाठीच्या मागच्या टोकाला जो छोटा त्रिकोणी भाग असतो, त्याच्या खाली टॅकिनिडीत आणखी एक ठळक, फुगीर उंचवटा असतो. मांसमाशीत तो असा वाढलेला नसतो. वरून काढलेल्या छायाचित्रात हा भाग झाकला जातो, आणि दुर्दैवाने बहुतेक जण वरूनच छायाचित्र काढतात. स्पर्शिकेवरचा बारीक केसही पाहावा : बहुतेक टॅकिनिडींत तो उघडा, तर पुष्कळशा मांसमाश्यांत पिसासारखा असतो. मात्र दोन्हीकडे अपवाद असल्याने ही खूण दुय्यम समजावी.

पानगळ : वरील मताशी सहमत आहे. गांधीलमाशीसारखी, बारीक कंबरेची माशी दिसली, तर मात्र कोनोपिडी कुळाचा विचार करावा. तिच्या अळ्या मधमाश्या व गांधीलमाश्यांच्या पोटात वाढतात.

सुरवंटघर : कूळ ठरले तरी छायाचित्रावरून प्रजातीचे नाव देण्याची घाई करू नये. टॅकिनिडीच्या आठ हजारांहून अधिक प्रजातींचे वर्णन झालेले आहे आणि त्यांतील कित्येक एकमेकींसारख्या दिसतात. सुरवंट पाळून त्यातून निघालेली माशी मिळवणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे, कारण त्यामुळे यजमान कोण, म्हणजे ती कोणत्या सुरवंटात वाढली, हेही कळते. सुरवंटाच्या अंगावर पांढरी, लांबट अंडी चिकटलेली दिसल्यास तो वेगळा ठेवावा. अंडी दिसली नाहीत म्हणून मात्र तो निरोगी आहे असे मानू नये, कारण काही प्रजाती पानांवर अतिसूक्ष्म अंडी घालतात आणि ती सुरवंटाने खाल्ल्यावरच फुटतात. डब्यात मातीचा थर द्यावा, कारण माशीच्या पुष्कळ अळ्या कोषासाठी मातीत शिरतात. माशी निघाल्यावर ती टाचणीवर सुकवून ठेवावी. अल्कोहोलमध्ये अंगावरील करडी भुकटी नीट दिसत नाही आणि ओळखीसाठी तीच लागते. रिकामा कोष व सुरवंटाचे अवशेष त्याच टाचणीवर जोडावेत.