ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा २०२४चा हंगाम कशाच्या आधारे मोजावा?

हिरवा-सोनेरी

नमस्कार मंडळी,

माझा जन्म कॅलिफोर्नियातल्या ईस्ट बे भागातला, आणि कळू लागण्याच्याही आधीपासून मी ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाचा चाहता आहे. १९८९ साली या संघाने सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा ४–० असा पराभव करून वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका जिंकली. त्याच मालिकेच्या मध्यात, १७ ऑक्टोबरला, मोठा भूकंप झाला आणि खेळ दहा दिवस थांबला. आमच्याकडे त्या दोन गोष्टी आजही एकत्रच सांगितल्या जातात. मला मात्र विचारायचे आहे ते २०२४च्या हंगामाबद्दल, कारण १९६८पासून ओकलंडमध्ये असलेल्या या संघाचा तो तिथला शेवटचा हंगाम होता.

तक्त्यात तो ६९ विजय आणि ९३ पराभव असा नोंदलेला आहे. अमेरिकन लीगच्या पश्चिम विभागात पाच संघांमध्ये चौथा क्रमांक. एवढेच वाचणारा माणूस ‘आणखी एक वाईट वर्ष’ म्हणून पान उलटेल. पण हंगामाच्या मध्यावरच्या ऑल-स्टार सुट्टीपर्यंत ३७–६१ अशी अवस्था असलेला संघ त्यानंतर ३२–३२ असा खेळला, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. आदल्या वर्षी ११२ सामने हरलेल्या, ज्याच्या लास व्हेगासला होणाऱ्या स्थलांतराला इतर सर्व क्लबांच्या मालकांनी नोव्हेंबर २०२३मध्ये एकमताने मंजुरी दिली होती आणि ज्याचे स्वतःचे मैदान काही महिन्यांत सुटणार होते, अशा संघाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बरोबरीने झुंजावे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी कोलिसियम या घरच्या मैदानावर शेवटचा सामना झाला. समोर टेक्सास रेंजर्स, म्हणजे आदल्या वर्षीचे विजेते. रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्ट्युअर्ट यांनी सामन्याआधीचे मानाचे चेंडू टाकले, ४६,८८९ प्रेक्षक होते आणि आपण ३–२ असे जिंकलो. सामन्यानंतर प्रशिक्षक मार्क कोत्से यांनी मैदानावर येऊन प्रेक्षकांचे आभार मानले आणि ‘लेट्स गो ओकलंड’ हा घोष स्वतः सुरू करून दिला. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, २० डिसेंबरला, हेंडरसन गेले. ते ओकलंडमध्येच वाढलेले, याच संघाचे, आणि बेसबॉलच्या इतिहासात सर्वाधिक बेस चोरणारे (फटका नसताना धावून पुढचा बेस गाठणारे) खेळाडू.

माझा प्रश्न असा: ज्याने आयुष्यभर एकाच संघावर जीव लावला, त्याने या हंगामाकडे खेळ म्हणून पाहावे की निरोप म्हणून? आणि खेळ म्हणून पाहिले, तर तो खरोखर चांगला होता, की निरोपाच्या दुःखामुळे मला तो चांगला वाटतो आहे? जाणकारांनी कृपया स्पष्ट लिहावे.

स्कोअरकार्ड

आपला प्रश्न मनापासून आवडला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. निरोप बाजूला ठेवला तरी तो हंगाम चांगला होता, आणि त्याची कारणे आकड्यांतच आहेत.

पहिले कारण ब्रेंट रुकर. त्याने ३९ होम रन (थेट मैदानाबाहेर टोलवलेले फटके) मारले, ११२ धावा घडवल्या आणि .२९३ची सरासरी राखली, म्हणजे दहा प्रयत्नांत जवळजवळ तीन यशस्वी फटके. हे आकडे कोणत्याही मैदानावर मोठेच ठरतील, पण ओकलंडचे कोलिसियम फलंदाजांसाठी अवघड मैदान होते, हे लक्षात घेतले पाहिजे. तिथे सीमारेषांबाहेरची फाउलची जागा इतर कोणत्याही मोठ्या मैदानापेक्षा जास्त होती. जो उंच फाउल दुसरीकडे प्रेक्षकांत पडून फलंदाजाला आणखी एक संधी देतो, तो इथे झेल होऊन त्याला बाद करत असे. शिवाय रात्री खाडीवरून येणाऱ्या थंड हवेत उंच मारलेला चेंडू लवकर खाली येई. अशा जागी निम्मे सामने खेळून ३९ होम रन मारणारा फलंदाज हा २०२२च्या नोव्हेंबरात कॅन्सस सिटीच्या संघाने सोडून दिलेला खेळाडू होता आणि ओकलंडने त्याला मोबदल्याशिवाय उचलले होते.

संघाची बांधणीच तशी होती. मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, क्रिस बॅसिट, शॉन मनाया हे तयार खेळाडू २०२२च्या हंगामाआधी एकामागून एक इतर संघांना देऊन टाकले गेले आणि त्याचा परिणाम म्हणून २०२२मध्ये १०२, तर २०२३मध्ये ११२ पराभव पदरी पडले. २०२१पर्यंत जिंकणारा संघ असा मोडणे मला आजही क्षम्य वाटत नाही. पण ओल्सनच्या बदल्यात आलेल्या शे लँगेलियर्सने २०२४मध्ये यष्टिरक्षकासारखे कष्टाचे काम करत २९ होम रन मारले. लॉरेन्स बटलर हा तर क्लबनेच २०१८च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सहाव्या फेरीत निवडलेला मुलगा. २०२४च्या मे महिन्यात त्याला खालच्या लीगमध्ये परत पाठवले होते, आणि परत आल्यावर उन्हाळ्यात त्याने जी फलंदाजी केली ती पाहून हंगामअखेरच्या त्याच्या २२ होम रनचे आश्चर्य वाटत नाही. संघाचा उत्तरार्ध सुधारला त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

मेसन मिलरबद्दल लिहिले नाही तर हे उत्तर अपुरे राहील. ताशी शंभर मैलांपेक्षा जास्त वेग नेहमीचाच असलेल्या या क्लोजरने, म्हणजे सामना संपवायला शेवटी येणाऱ्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने), ६५ डावांत १०४ फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू टोलवू न देता बाद, केले आणि २८ सामने शेवटच्या क्षणी राखले. कोलिसियमवरचा शेवटचा बादही त्याच्याच नावावर आहे.

उणी बाजू सामना सुरू करणाऱ्या पिचरांची. पाच-सहा डाव भरवशाने टाकणारे हात कमी होते आणि त्यामुळे बुलपेनवर, म्हणजे नंतर येणाऱ्या राखीव पिचरांवर, भार पडत राहिला. म्हणून संघ ३२–३२ असाच राहिला, त्याच्या वर गेला नाही. तरीही मी या हंगामाला बांधणीचे वर्ष म्हणेन. दुसऱ्या वर्षी हाच चमू ७६ सामने जिंकला, यातून पाया खरा होता हे सिद्ध होते.

पावसाळी गाव

मी गेली अनेक वर्षे सिएटलमध्ये राहतो आणि वरील उत्तराशी एका बाबतीत असहमत आहे. पाया खरा होता हे मान्य, पण तो कोणासाठी खरा होता, हा प्रश्न त्यात सुटून गेला आहे.

आमच्या शहरातून २००८ साली सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉल संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. इथल्या शेवटच्या हंगामात तो २०–६२ असा खेळला आणि त्याच हंगामात केव्हिन ड्युरंट हा नवखा खेळाडू वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. चार वर्षांनी, २०१२मध्ये, तो संघ ड्युरंटसह अंतिम मालिकेत पोहोचला. सिएटलच्या चाहत्याने त्या शेवटच्या हंगामात जे पेरलेले पाहिले, त्याचे पीक दुसऱ्या राज्यात कापले गेले. त्यामुळे ‘बांधणीचे वर्ष’ हे शब्द मला सोडून दिलेल्या शहराच्या बाबतीत वापरवत नाहीत.

आमच्या बाबतीत निदान एक गोष्ट झाली. तडजोडीत सॉनिक्सचे नाव आणि रंग सिएटलसाठी राखून ठेवले गेले. ओकलंडला तेही मिळाले नाही, कारण नाव आणि हिरवा-सोनेरी रंग दोन्ही संघाबरोबर गेले. लास व्हेगासचे मैदान तयार होईपर्यंत हा संघ सॅक्रामेंटोशेजारी, सुमारे १४ हजार प्रेक्षकांच्या मैदानावर खेळतो आहे, आणि तिथे नावापुढे कोणत्याही शहराचे नाव न लावता नुसते ‘अ‍ॅथलेटिक्स’ म्हणवून घेतो आहे. ओकलंडचा बास्केटबॉल संघ वॉरियर्स २०१९मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला, अमेरिकी फुटबॉलचे रेडर्स २०२०मध्ये लास व्हेगासला गेले, आणि आता हे. एका शहराने थोडक्या काळात तीन संघ गमावले. ते लक्षात न घेता २०२४चे होम रन मोजणे मला जमत नाही.

गहुंज्याची वाट

मी पुण्यात असतो आणि मला बेसबॉल बेताचाच समजतो, पण संघ जाणे म्हणजे काय ते समजते. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ असे तीनच हंगाम राहिले. नंतर २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांसाठी रायझिंग पुणे आला आणि २०१७चा अंतिम सामना मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरून संपला. तो संघ दोनच वर्षांचा आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होते, तरीही वाईट वाटले. त्यामुळे ५७ हंगामांशी त्याची तुलना करणार नाही.

एक विचारायचे होते. प्रेक्षक येत नव्हते म्हणून संघ गेला असे वाचले आहे. त्यात तथ्य किती?

हिरवा-सोनेरी

सर्वांचे आभार. आधी पुण्याच्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर देतो. गर्दी घटली होती हे खरेच आहे, आणि २०२४च्या संपूर्ण हंगामातही प्रेक्षकसंख्या दहा लाखांच्या आतच राहिली. पण क्रम पाहावा. खेळाडू आधी गेले, प्रेक्षक नंतर. १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी उलटा बहिष्कार पुकारला, म्हणजे ठरवून मैदान भरायचे आणि मालकांना संघ विकण्याची मागणी करायची. त्या मंगळवारी २७,७५९ लोक आले, उजव्या बाजूच्या बाकांवर नेहमीचे ढोल वाजत होते, आणि संघाने त्या वेळी लीगमध्ये आघाडीवर असलेल्या टॅम्पा बे रेजला २–१ असे हरवून सलग सातवा विजय मिळवला. शहराला संघ नको होता, असे यानंतर कोणी म्हणू नये.

स्कोअरकार्ड यांचे विश्लेषण मी पूर्ण मान्य करतो आणि त्यामुळे माझ्या शंकेचे निरसनही झाले. खेळ खरोखर चांगला होता, ते माझे दुःख बोलत नव्हते. मात्र पायाच्या मुद्द्यावर मी सिएटलकरांच्या बाजूचा आहे. ओकलंड सुटल्यावर लगेच, डिसेंबर २०२४मध्ये, क्लबने पिचर लुईस सेव्हेरिनोशी ६ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला, जो त्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा होता. जानेवारीत रुकरला ६ कोटींचा आणि मार्चमध्ये बटलरला साडेसहा कोटींहून अधिक रकमेचा करार मिळाला. दोघांनाही ते मिळायलाच हवे होते, आणि त्यांचा मला आनंद आहे. पण हेच पैसे २०२२च्या आधी, आमच्या ओल्सन आणि चॅपमनसाठी, बाहेर काढता आले असते.

म्हणून मी असे ठरवले आहे की रुकर, बटलर आणि लँगेलियर्स यांचे आकडे मी यापुढेही रोज सकाळी पाहीन, संघाचा तक्ता पाहणार नाही. प्रत्यक्ष खेळ पाहायचा असेल तेव्हा वेस्ट ओकलंडमधल्या रायमोंडी पार्कवर जाईन. तिथे २०२४पासून ओकलंड बॉलर्स हा नवा छोटा संघ खेळतो आणि २०२५मध्ये त्याने पायोनियर लीगचे विजेतेपदही मिळवले आहे. ईस्ट बेमधल्या कोणा मराठी मंडळींना एप्रिल-मेनंतर सोबत यायचे असेल, तर इथेच कळवावे.