चार्ल्स कोरियांच्या इमारती: बाबांना एका रविवारी काय दाखवू?

डोंबिवलीकर_सु
बाबा निवृत्त ड्राफ्ट्समन, वय ७४. जन्मभर ट्रेसिंग पेपरवर दुसऱ्यांचे आराखडे काढले. परवा म्हणाले, आर्किटेक्ट कोरियांचं एखादं काम प्रत्यक्ष बघायचंय. गुडघे दुखतात. एकच रविवार मोकळा आहे, दोघांचे मिळून ६०० रुपये, लोकल-बसने. काय दाखवू?

साबरमतीप्रेमी
थेट अहमदाबाद गाठा! साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय, १९६३. विटांचे खांब, वर कौलं, मध्ये पाण्याचं कुंड, खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा. मी एक रात्र राहिलो, तीन-साडेतीन हजारांत सगळं झालं.

दादर_पश्चिम
अहो, ६०० म्हटलंय त्यांनी. पोर्तुगीज चर्च, गोखले रोड. मूळ चर्च १५९६ चं, आताची इमारत कोरियांची, १९७७ ची. छताचे काँक्रीटचे उंच निमुळते घुमट आहेत, तापलेली हवा वरून निघून जाते. मे महिन्यातही आत बसवतं. रविवारी प्रार्थना असतात, वेळ विचारून जा.

पेडररोडची_मुलगी
कांचनजंगा, पेडर रोडची राहत्या घरांची उंच इमारत! १९८३ मध्ये पूर्ण झाली. शाळेच्या बसमधून मी तिचे २८ मजले मोजायचे, कधीच पुरे व्हायचे नाहीत. मुंबईत वाऱ्यासाठी घर पश्चिमेला उघडावं, तर ऊन आणि पाऊसही तिकडूनच येतो. म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजले उंचीच्या बागा दिल्या, जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यासारख्या. आत मात्र सोडत नाहीत, रस्त्यावरूनच बघावी लागते.

माहीमकर
पोर्तुगीज चर्चला +१. गोखले रोडला आहे.

वाशी_८१
बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, म्हणजे कोरियांची घरांची वसाहत, कुणी सुचवू नका. रिक्षावाल्याने भलत्याच सेक्टरला सोडलं, तासभर उन्हात फिरलो. मूळ घरं शोधून काढावी लागतात, जो तो मजले चढवून बसलाय. नवी मुंबईचंही तेच. १९६५ मध्ये कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी कल्पना मांडली, ती सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे नेण्याची होती. मंत्रालय आलं का? उलट नरिमन पॉइंटला भराव टाकून टॉवर उभे केले. मला अजून राग येतो.

गिरगावकर
अवांतर: शिरीष पटेल आर्किटेक्ट नव्हते, स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. कांचनजंगाचं स्ट्रक्चर त्यांच्याच फर्मचं.

वाशी_८१
मी आर्किटेक्ट म्हटलंच नाही. वर वाचा.

दादर_पश्चिम
धागा भरकटतोय. डोंबिवलीहून दादर एका लोकलमध्ये. चर्चच बघा.

सेक्टर८ची_सून
मी आर्टिस्ट व्हिलेजमध्येच राहते, तरी म्हणेन की चर्चला जा. आमचं घरही मूळचं राहिलेलं नाही. सासऱ्यांनी घेतलं तेव्हा खोली, मोरी आणि पुढे अंगण, एवढंच होतं. दोन्ही मुलांची लग्नं झाली तसा वर मजला आला. शेजाऱ्यांशी वाद झाला नाही, कारण घर सुटं आहे. पुढे वाढवता यावं म्हणूनच तशी बांधलीत सगळी. सात घरांना मिळून एक चौक, असे तीन चौक मिळून त्याहून मोठा चौक. आमच्या चौकात अजून पापड वाळतात, गणपतीला सातही घरांची आरती एकत्र होते. फोटो काढण्यासारखं मात्र काही उरलं नाही. आणि चालावं लागतं, गुडघ्यांचं बघा.

माहीमकर
बघा, तिथे राहणाऱ्याच सांगतायत. चर्च.

डोंबिवलीकर_सु
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. सूनताईंचं उत्तर त्यांनी दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, "पुढच्या खोलीसाठी जागा सोडून नकाशा काढ, असं मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. वाढवलेलीच घरं बघू." तेव्हा बेलापूरच. मेगाब्लॉक नसेल तर ठाण्याहून पनवेल गाडी धरू. ताई, स्टेशनवरून रिक्षा करावी का? आणि चौकात बाबांना दहा मिनिटं टेकायला कट्टा आहे का?

सेक्टर८ची_सून
रिक्षाच करा, सेक्टर ८ असं दोनदा सांगा. कट्टा कशाला, आमच्या ओटीवर बसू दे त्यांना. सासरे ८१ वर्षांचे आहेत, घराचा पहिला नकाशा अजून जपून ठेवलाय. चहाला या. पत्ता खाजगी निरोपात पाठवते.