जुन्या वळणाची बाईक घ्यायची आहे, बजेट १.४० लाख (नाशिक), सल्ला द्या

सेकंडशिफ्ट
नमस्कार मंडळी. इंदिरानगरला राहते, सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे, जाऊन येऊन रोजचे अठरा-वीस किलोमीटर. आत्ता स्कूटर आहे, तिची काही तक्रार नाही, पण गोल हेडलाइटची, थेंबासारख्या टाकीची, ठोके मोजता येतील अशी सिंगल सिलिंडर गाडी लहानपणापासून डोक्यात आहे. बजेट सगळं धरून १.४० लाख, म्हणजे ट्रान्सफर, इन्शुरन्स, टायर लागले तर तेही त्यातच. लोन काढायचं नाही. सेकंडहँड चालेल. उंची पाच फूट दोन. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक आणि हंटर, होंडाची सीबी ३५०, टीव्हीएसची रोनिन बघून बघून डोकं भंजाळलंय. ज्यांनी स्वतः घेतलीय त्यांनी सांगा प्लीज.

गंगापूररोड_६५०
भावा एकच सांगतो, साडेतीनशे घेशील आणि दोन वर्षांत विकायला काढशील. सरळ एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० घे. मी २०१९ ला घेतली, ६४८ सीसी, दोन सिलिंडरची ट्विन, पहाटे पाचला कसारा घाट उतरताना जो आवाज येतो त्याला तोड नाही. पैसे कमी पडत असतील तर वर्षभर थांब पण घे तर हीच.

पेठरोडवाला
अहो "राहते" लिहिलंय त्यांनी, भावा काय. आणि १.४० म्हटल्यावर ६५० कुठून आली मधेच? ताई, ३५० सीसीच्या वर जाऊच नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यावरच्यांना ४० लागतो. थर्ड पार्टी इन्शुरन्स पण बघा, १५० ते ३५० ला वर्षाचा १३६६ आणि ३५० च्या वर २८०४, वर जीएसटी वेगळा.
आता महत्त्वाचं. जीएसटी उतरल्यावर नवी हंटर एक्स-शोरूम १ लाख ३७ हजारांपासून सुरू झाली. तरी सेकंडहँडवाले अजून जुन्याच हिशोबाने भाव सांगतात. तीन वर्षं वापरलेल्या हंटरला कोणी सव्वा लाख म्हणालं तर नमस्कार करून निघायचं.

गंगापूररोड_६५०
सॉरी ताई, घाईत वाचलं. पण गाडी काय टॅक्स बघून घेतात का.

स्मूथ_सीबी
माझ्याकडे हायनेस सीबी ३५० आहे, २०२१ ची. १८१ किलो आहे पण चालायला लागली की वजन कळत नाही, कंपन नाहीच म्हटलं तरी चालेल. द्वारका ते पिंपळगाव बसवंत हायवेला आरसा हलत नाही, मागच्या ट्रकचा नंबर वाचता येतो. डोळे झाकून घ्या.

बुलेटकाका
आरसा हलत नाही तर बुलेट कशाला म्हणायचं? आमच्या वडिलांची कास्ट आयर्न होती, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. किक मारायच्या आधी डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायचा खटका, दाबून अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, मगच लाथ. हे ज्याला जमलं त्याचीच गाडी. आताच्या ३४९ सीसी इंजिनात कंपन मारणारा बॅलन्सर शाफ्ट आलाय, गाडी चांगली आहे, नाही म्हणत नाही, पण तो ठोका गेला.

स्मूथ_सीबी
काका, तिला रोज सातपूरला जायचंय. आणि ही बुलेट नाहीच, होंडा आहे.

वैतागलेला_सिडको
कंपनीचं नाव घेत नाही, शोरूमचंही नाही. पहिल्या पावसाळ्यात माझ्या सायलेन्सरवर गंजाचे ठिपके आले आणि शोरूमवाले म्हणतात तुम्ही पुसत नाही. रोज पुसायचो हो मी, आईचं जुनं सुती लुगडं फाडून ठेवलं होतं त्यासाठी! चार खेपा मारल्या, शेवटी स्वतःच्या पैशाने बदलला. म्हणून सांगतो, जुनी गाडी बघायला जाल तेव्हा मोबाईलचा टॉर्च मारून मडगार्डच्या आतली बाजू बघा, स्पोकच्या बुडाशी बघा. वरून सगळ्याच चकचकीत असतात.

सावळघाट
स्पोकवरून आठवलं, अलॉय चाकं (स्पोक नसलेली) आणि ट्यूबलेस टायर असलेलीच घ्या. पेठजवळ संध्याकाळी पंक्चर झाली होती माझी, ट्यूबवाली. चाक खोलणारा मिळेपर्यंत दोन तास. हंटरच्या वरच्या मॉडेलांना अलॉय येतात.

बुलेटकाका
अलॉय लावलेली गाडी रेट्रो कशी होईल? मग फटफटी म्हणू नका, नुसती बाईक म्हणा.

सावळघाट
काका, अंधारात दोन तास उभं राहून दाखवा मग बोलू.

पेठरोडवाला
ताई, पाच फूट दोनला सीटची उंची बघाच. क्लासिक ८०५ मिमी आणि १९५ किलो, हंटर ७९० आणि १८१, रोनिन ७९५ पण १६० च्या आसपास. सध्या सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत, खडीवर पाय टेकायची वेळ रोज येते. माझं मत रोनिन.
आणि गाडी बघायला जाताना मालकाला आधी सुरू करून ठेवू देऊ नका. इंजिनाला हात लावून बघा, गार पाहिजे, सुरू व्हायला त्रास देते का ते गार असतानाच कळतं. लोनची असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन सुद्धा द्यायचं नाही, ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्यायच्या.

किकमार
जुनी जावा-येझदी कोणी सुचवायच्या आधी मीच सांगतो, नका घेऊ. माझ्याकडे येझदी रोडकिंग आहे, टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, आणि माझा तिच्यावर जीव आहे. जो गिअरचा दांडा तोच किकचा, आत दाबून वर फिरवला की किक होतो. क्लच न दाबता गिअर पडतो. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, त्यामुळे आता भरवसा पार्टवाल्यांवर आणि म्हाताऱ्या मेकॅनिकांवर. एकदा गडबडीत पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलं आणि वणीच्या रस्त्याला पिस्टन धरला (सिलिंडरमध्ये अडकला), चूक गाडीची नाही, माझी. लिटरला ४० मिली म्हणजे ४० मिली. रोज ड्युटीला जाणाऱ्या माणसाचं हे काम नाही.

गंगापूररोड_६५०
वणीच्या रस्त्याला? रविवारी सकाळी आमचा ग्रुप असतो तिकडे, आधी मिसळ मग गड.

वैतागलेला_सिडको
मिसळ कुठे खाता? रस्सा चुलीवरचा असेल तरच सांगा.

(मिसळीच्या वीसेक पोस्टी इथून दुसऱ्या धाग्यावर हलवल्या आहेत.)

सेकंडशिफ्ट
सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मधे तीन रविवार गाड्या बघण्यातच गेले. एक हंटर बघितली, मालकाने गरम करूनच ठेवली होती, परत फिरले. रोनिन चालवली, खरंच हलकी आहे, आवडली. पैसे देणारच होते.
मग ओझरच्या पुढे एका द्राक्षबागेतल्या शेडमध्ये रोडकिंग बघितली, १९८७ ची. किकमार, तुम्ही नको म्हणालात ते वाचूनच बघायला गेले होते. कॅरेटांच्या मागे उभी होती, टाकीवर धूळ आणि वर फवारणीचा पाइप. इंजिन गार. मालकांनी दांडा फिरवला, दोन किक वाया गेल्या, तिसरीला निळा धूर सोडून टप-टप-टप सुरू झाली आणि शेडचा पत्रा थरथरायला लागला. मी बसले तर दोन्ही पाय जमिनीला सपाट. बांधाच्या रस्त्याने तिसऱ्या गिअरपर्यंत नेली आणि परत येताना माझ्या डोळ्यात पाणी होतं, खरं सांगते.
९२ हजाराला ठरली. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालेलं आहे, चासी नंबर पेन्सिलीने कागदावर घासून आरसीशी जुळवला. पॉइंट, कंडेन्सर, क्रँकचे ऑइल सील, केबली आणि दोन्ही टायर मिळून २४ हजार. बजेटमध्ये बसली. ड्युटीला स्कूटरच नेणार, ही त्र्यंबक रोडची, सुट्टीची.

पेठरोडवाला
सगळ्यांनी नको म्हटलेली तीच घेतली! असो, अभिनंदन. पेट्रोलचे पाइप आणि कार्बोरेटरची रबरं नवी टाकून घ्या, आता सगळीकडे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे, जुनं रबर त्यात फुगतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, कार्बोरेटर रिकामा होतो.

स्मूथ_सीबी
वर्षभराने सीबी बघायला या.

किकमार
ऑइल किती घालताय ते सांगा आधी.

सेकंडशिफ्ट
लिटरला ४० मिली. औषधाच्या बाटलीवर खुणा करून टूलबॉक्समध्येच ठेवलीय. रविवारी साडेसहाला अंजनेरीच्या पायथ्याशी येते, ऐकून सांगा टायमिंग बरोबर आहे का.