गोळीने थकवा जात नाही, कळेनासा होतो

१९४० मध्ये जर्मन सैन्याने फ्रान्स एवढ्या झपाट्याने घेतला तो पर्विटिन या झोप उडवणाऱ्या गोळीच्या जोरावर, असं म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. गोळ्या वाटल्या हे खरंच. त्या वर्षी एप्रिल ते जुलैत सैन्यासाठी साडेतीन कोटींच्या आसपास गोळ्या मागवल्या होत्या. पण रणगाडे, वायरलेस आणि आर्देनच्या जंगलातून केलेली चढाई नसती, तर नुसतं जागं राहून काय साधलं असतं?

पर्विटिन म्हणजे मेथॅम्फेटामिन, एक उत्तेजक द्रव्य. त्याने मेंदूत डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही चेतवणारी रसायनं वाढतात, माणूस तरतरीत दिसतो. झोप मात्र तुंबतच राहते. मग भास, चुकीचे निर्णय, एकदम कोसळणं. जर्मनांनीच १९४१ मध्ये त्यावर निर्बंध घातले.

माझं नवी पेठेत औषधांचं दुकान आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं 'झोप उडवणारी गोळी' मागतात. परवा एकाचे डोळे लालभडक, सुट्टे पैसे मोजताना बोटं थरथरत होती. चिठ्ठीशिवाय देणार नाही म्हटलं, तो गेला. सैनिकाला अशी गोळी वरिष्ठांच्या हातून मिळते, तो नाही कसं म्हणणार? ही सक्ती मला सगळ्यात जास्त खुपते, आणि पर्विटिनच्या चर्चेत तिचा उल्लेखही नसतो.

युद्धानंतरचंही बघा. जपानमध्ये लष्कराचा उरलेला फिलोपॉन (तिथे मेथॅम्फेटामिन याच नावाने विकलं जाई) बाजारात आला आणि व्यसन इतकं फोफावलं, की १९५१ मध्ये सरकारला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.